दादींच्या प्लेटमधलं माकुल

हॅलो? … हॅलो, आपा? … हां, बोल… थांब, थांब, आत फार आवाज आहे, बाहेर येते मी… अगं हे काचेचं दार ढकलायचं की ओढायचं तेच कळत नाही… हां, आले. बोल आता.

ठीक आहे गं सगळं. … हो, आले ना सगळे, साडेसहालाच आले. … मस्त. एकदम मस्त चाललंय. … नाही, माझ्या आवाजाला काय झालंय? … सर्दी. एसी असतो ना आत, हाडं गोठतात. … हो गं बाई, ठीक आहे म्हटलं ना…

… नाही आपा. काही ठीक नाही. सगळा सत्यानाश झालाय, आणि तो मी माझ्या ह्या दोन हातांनी केलाय.

… नाही नाही, कुणाला काही झालेलं नाही. सगळे धडधाकट आहेत. … अफनान पण. … अगं आत बसलाय, मुनिबाच्या अब्बांच्या ग्लासात पाणी ओततोय. तुझं लाडकं ते, त्याला काय धाड भरलीय? … सांगते, पण मधे बोलू नकोस. … बघ, बोललीस.

मुनिबा आलीय, तिचे अम्मी-अब्बा आणि दादी. … हो, उदगीरच्या दादी, त्याच. व्हिजिटवर आल्यात ना महिन्याभरासाठी, खास मुलगा बघायला. अगं त्यांच्या घरात दादी म्हणतील ते. अम्मी-अब्बा कधीचेच राजी आहेत. दादी हो म्हणाल्या की आजच तारीख, नाही म्हणाल्या की खलास. म्हणून तर एवढा घाट घातला मी.

… कुठे म्हणजे काय, सांगितलं होतं ना तुला. मरीनाला, बोटींच्या धक्क्यावर. ब्राझीलचं हॉटेल आहे, समुद्रातलं मिळतं सगळं. … अगं मला काय ब्राझीलचं कौतुक? प्रल्हाद आहे ना इथे आचारी. … प्रल्हाद, भाट्याचा. आमच्या ह्यांच्या वर्गात होता. त्याचा भाऊ टेम्पो चालवतो बघ… हां, तोच. नाव ब्राझीलचं, वाढायला फिलिपिनो पोरी, आणि आत आपला रत्नागिरीचा माणूस कालवण ढवळतोय. म्हटलं, आपल्या ओळखीचं आहे, आपण सांगू तसं करेल.

आणि खरं सांगू, मी फार विचार केला होता, आपा. मटण-चिकन नको म्हटलं. कुठून आणलं, कुणी कापलं, नवीन माणसांच्या मनात शंका नको. समुद्रातलं म्हणजे कुणाला काही अडचणच नाही. … हो ना? तुलाही तसंच वाटलं ना? बघ.

शिवाय जागा किती छान. आत्ता समोर सगळ्या बोटी उभ्या आहेत, दिवे लावून. एकेक बोट आपल्या अख्ख्या आळीएवढी. लिंबाचं सरबत चाळीस दिरहॅमला, आपा. चाळीस. म्हणजे नऊशे-साडेनऊशे रुपये. मी एकच घोट घेतला आणि बाकीचं नुसतं बघत बसले.

… हो हो, मुद्द्यावर येते. तर प्रल्हादला मी दोन दिवस आधीच सांगून ठेवलं होतं, दहा डिश नकोत, एकच मोठं ताट लाव. आपल्याकडे लग्नात कसे चार-पाच जण एका ताटावर बसतात, तसं. म्हटलं, दोन्ही घरांचे हात एका ताटात पडले की परकेपणा उरणार नाही. … हो, आपल्या अम्मीच्या पद्धतीनं. डोळ्यांपुढे अम्मीच होती माझ्या.

आणि त्या प्रल्हादानं काय ताट लावलं. बघायला हवं होतंस. खाली भात, त्यावर आख्खा हमूर… अगं आपला गोबरा, इथे हमूर म्हणतात. आणि त्या माशावर माकुल, इथे स्क्विड म्हणतात ते, गोल कडी कापून, शिवाय तिसऱ्या, शेवंड, सगळं रचलेलं. वरून त्यांचं ते नारळाचं लाल कालवण ओतलेलं. दोघांनी धरून आणलं. शेजारच्या टेबलावरची गोरी बाई उठून फोटो काढायला लागली. माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू…

आणि कुणी हातच लावेना.

… कुणी म्हणजे त्यांच्यातलं कुणीच. आम्ही खातोय आणि ते बघतायत. … तब्येत नाही गं. मलाही आधी वाटलं लाजतायत, मुलीकडचे म्हणून. मग आपली सवय तुला माहीत आहे. ‘लीजिए ना, लीजिए ना.’ मुनिबाच्या अब्बांनी काय केलं, अगदी कडेचा भात घेतला चमचाभर, कालवण न लागलेला. इथे एक भाजलेलं पीठ ठेवतात, कसल्यातरी कंदाचं, आपल्या सातूसारखं दिसतं. ते भातावर भुरभुरवलं आणि म्हणाले, बहोत बढ़िया है. कोरडा भात आणि कोरडं पीठ, आपा. घास उतरवताना मान अशी पुढे काढत होते बिचारे.

मग मी काय केलं असेल? … बरोबर. ओळखलंस. उठले, आणि माकुलाची चांगली मोठी तीन कडी माझ्या हातानं दादींच्या प्लेटमध्ये वाढली. वर म्हणाले, दादी, ये तो आपको खाना ही पड़ेगा.

… अगं का म्हणजे? हनफी आहेत ते, आपा. हनफी.

… हो. … हो ना. … आपण शाफई, आपल्यात समुद्रातलं सगळं चालतं. त्यांच्यात मासा तेवढा. माकुल नाही, तिसऱ्या नाहीत, शेवंड नाही. आणि माशाच्याच डोक्यावर मी हे सगळं रचून ठेवलंय, एका कालवणात बुडवून. त्यांनी मासा तरी कुठून घ्यायचा?

… नाही विचारलं. … नाही विचारलं गं, विचारावं असं डोक्यातच आलं नाही. जन्मभर मी राहिले कुणात? तिकडे आपलेच, आणि इकडे रोल्लाला वर-खाली-समोर आपलेच. संध्याकाळी आमच्या जिन्यात उभं राहिलं की कुणाकडे तिसऱ्या आहेत आणि कुणाकडे बोंबील, वासावरून सांगते मी. चोवीस वर्षांत कुणी नको म्हटलेलं बघितलं नाही. … हो, सगळं विचारलं त्यांना. शिक्षण विचारलं, गाव विचारलं, शुगर कुणाकुणाला आहे तेही काढून घेतलं. जेवायला बोलावताना खाता काय, एवढंच तेवढं राहिलं.

… अफनानला कुठून माहीत असणार? ऑफिसात दोघं मिळून पनीरचं सँडविच खातात. … हो, ते तुला माहीत असणारच. तुला सगळं माझ्याआधी माहीत असतं. मुनिबाचं नावसुद्धा मला तुझ्याकडून कळलं, विसरले नाही मी.

मला कसं कळलं? मुनिबानंच सांगितलं. मी हात धुवायला गेले, तर माझ्यामागे आली. कानात म्हणते, ‘आंटी, आप बुरा मत मानना, हम लोगों में सिर्फ मछली खाते हैं. मैंने बताया, ये मत बताना.’ इतकी गोड पोर, आपा. मला तर तिथेच बेसिनमध्ये बुडून जावंसं वाटलं.

आणि थांब, अजून आहे. इथे टेबलावर एक चकती असते. एक बाजू हिरवी, एक लाल. हिरवी वर असली की हे लोक भाजलेले तुकडे ओवलेल्या सळया घेऊन वाढायला येतच राहतात, आणि बास असेल तर लाल करायची. आता हे आपल्याला कोण सांगणार? आमच्या नूरुद्दीनशेठनी हिरवी बाजू वर ठेवली आणि तिच्यावर टाकला आपला मोबाईल. कड दिसतेय हिरवी. तो माणूस दर दोन मिनिटांनी हजर. माकुल घेऊन, कोळंबी घेऊन, परत माकुल घेऊन. ‘मोर, सर?’ आणि आमचा नवरा, ‘यस, यस, थँक्यू.’ मी डोळे वटारतेय, तर म्हणतो, क्या हुआ, मिरची लगी? ढीग वाढतोय, आपा, आणि समोर ती चार माणसं कोरडा भात खातायत.

… हसू नकोस. … हसतेयस तू. मला आवाज येतोय. … धाकटी पण हसत होती. मला म्हणते, ‘इट्स ओके मम्मा, नोबडी डाइड.’ तिला काय, इथे जन्मलेली.

… काय? … हो गं… हो, ते सुचलंच नाही मला. वेगळं भांडं. … हां, हां, साधा मासा, दुसरं काही नाही. … थांब, प्रल्हाद मागच्या दारात उभा आहे सिगरेट ओढत. प्रल्हाद, ए प्रल्हाद. इकडे ये जरा. … हाफिजा आपा आहे फोनवर, रत्नागिरीहून. ऐक ती काय म्हणते. टाक आधी ती सिगरेट.

आपा, सांग. … नवीन भांडं घे. … धुतलेलं म्हणते, दोनदा धुतलेलं. … सुरी पण वेगळी. आणि ज्या तेलात ते माकुल तळलंत ते तेल नको. … हो म्हणतोय, कळलं त्याला. त्याला एकदम कळलं बघ, मला चोवीस वर्षांत कळलं नाही. … तो म्हणतोय इथे मासा नारळाच्या दुधातच शिजवतात, फक्त वर पामचं लाल तेल सोडतात. … नको म्हणते आपा, ते तेल नको, म्हाताऱ्या माणसाला जड होतं. … मिरची? … उदगीरची माणसं आहेत, घाल बिनधास्त, म्हणते. … लसूण ठेचून, वाटून नाही. कोथिंबीर. … दूध शेवटी घाल आणि मग उकळी नको येऊ देऊ, फाटतं. … आपा, प्रल्हाद विचारतोय, वीस वर्षं आचारी आहे मी, मला शिकवतेय का? … प्रल्हाद, आपा म्हणते हो.

किती वेळ लागेल? … पंधरा मिनिटं कसली, दहात कर. यल्ला, जा. … गेला. हसत गेला.

… हां, बोल. … अफनान आलाय दारात. काय रे? … येते, पाच मिनिटांत येते, सांग खालाचा फोन आहे. … नाही, तू नंतर बोल तिच्याशी, मला बोलू दे. जा आत, दादींजवळ बस. … आपा, सलाम म्हणतोय तुला. आणि विचारतोय, आपल्या अब्बांच्या डोळ्यांचे थेंब संपले असतील, आणलेस का? … आणलेत म्हणते. जा आता.

गेला.

… नाही, आत जाते मी. जाते. … आपा, बसलीयेस ना तू? … अब्बा झोपले? … बरं. मला तुला एक सांगायचंय. … जेवणाचं नाही.

दादींच्या प्लेटमधलं ते माकुल. त्यांनी बिचाऱ्यांनी सॅलडच्या पानाखाली सारलं होतं. तरी एक कडं बाहेर दिसत होतं. मी तिकडे बघत नाहीसं दाखवून तिकडेच बघतेय. अफनान त्यांच्या शेजारी. तो त्या सळईवाल्याशी काहीतरी बोलत होता, आणि बोलता बोलता, कुणाकडे न बघता, त्यानं ती तिन्ही कडी आपल्या प्लेटमध्ये घेतली. खाल्ली. दादींना स्वच्छ प्लेट मागवून दिली. सॉरी नाही, काही नाही, जसं काही घडलंच नाही. मुनिबाच्या अम्मीला पत्तासुद्धा लागला नाही. मला दिसलं, आणि दादींना दिसलं.

… हो. तेच. तू काय सांगायचीस त्याला? पाहुण्याला नको असेल तर त्याला बोलायला लावायचं नाही, आपण गुपचूप उचलायचं. … अगं मला कसं माहीत म्हणजे? एकदा सुट्टीला आले होते तेव्हा ऐकलं होतं, तू त्याला ओसरीवर बसवून सांगत होतीस. आठ वर्षांचा होता. … नाही आपा, मी नाही शिकवलं. मी कधी शिकवणार होते?

मग दादींनी त्याला विचारलं, ‘ये किसने सिखाया बेटा?’ आणि तो म्हणाला, ‘मेरी खाला ने. दस साल का होने तक मैं उन्हींके पास था.’

… हो, खरंच आहे ते. खरं आहे म्हणूनच तर… आपा, मी त्यांना वेगळं सांगितलं होतं.

… पहिल्या भेटीतच. मुनिबाची अम्मी म्हणाली, हल्लीची मुलं किती तुटक असतात, तुमचा मुलगा किती घरातला वाटतो. आणि मी म्हणाले, मीच वाढवलाय, एक दिवस नजरेआड केला नाही. … निघून गेलं तोंडातून. … नाही केलं दुरुस्त. उलट पुढच्या वेळी वाढवून सांगितलं. म्हणाले, रोल्लाच्या बागेत मी त्याला सायकल शिकवली.

… हो. ती तू शिकवलीस. अब्बांच्या दुकानापुढच्या उतारावर. पडला होता, गुडघा फुटला होता, तीन टाके घातले होते, आणि तू मला दोन दिवस कळवलं नाहीस, मी इकडे एकटी रडत बसेन म्हणून. सगळं माहीत आहे मला. आणि त्याच सायकलीवर मी स्वतःला बसवलं आणि तुला उतरवून टाकलं.

… हॅलो? … आपा? … हॅलो, आहेस ना? … बोल ना काहीतरी. शिव्या दे.

… नाही गं, तुझं नाव पुसायचं नव्हतं मला. असं कसं मनात आणतेस? … लाज वाटली. मला माझीच लाज वाटली. तीन वर्षांचं पोर तुझ्या ओटीत टाकून आले आणि इथे नर्सरीत लोकांची पोरं सांभाळली. सात वर्षं. एकाच्या पगारात इथे घर उभं राहत नव्हतं. तुला माहीत आहे, मला माहीत आहे. पण उदगीरच्या बाईंना ते कसं पटवायचं? त्या म्हणतील, जिनं स्वतःचं पोर मागे ठेवलं ती आमची पोर काय सांभाळणार? मग गोष्टीतून तुला गाळलं मी. … हो, गाळलं. दुसरा शब्द नाही त्याला. चुकलं माझं, आपा. फार चुकलं.

… काय? … काय फरक पडतो म्हणजे? … पडतो फरक. मला पडतो. … हे बघ, तू रडतेयस. … मग नाक कशाला ओढतेस? … सर्दी? तुझ्याकडे कुठला आलाय एसी?

… हं. … हं. … मी पण हसतेय गं. हसतेय आणि रडतेय, इथला गार्ड बघतोय माझ्याकडे. नथिंग, भैया, सब ठीक है, घर का फोन है.

… दादी? त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. आणि तेवढ्यात तुझा फोन वाजला. मी उठले म्हटलं ना तुला, खरं तर पळाले. टेबल सोडून पळाले.

… नाही. नाही आपा, ते नको. तू काय सांगणार त्यांना? सुट्टीत यायचा माझ्याकडे, लहानपणीचं त्याला काय आठवतंय, काहीतरी बोलून गेला, असं? आणि तुझ्या सात वर्षांच्या सुट्ट्या करायच्या? … नको. माझ्यासाठी तू खोटं बोलायचं नाहीस. जे व्हायचं ते होऊ दे. पोराचं मन मोडलं तर माझ्यामुळे मोडलं, हे मी त्याला सांगेन.

थांब… थांब जरा, काचेतून दिसतंय. प्रल्हाद स्वतः भांडं घेऊन आलाय. झाकण काढलं… काहीतरी सांगतोय त्यांना, हातानं दाखवतोय, वेगळं भांडं, वेगळी सुरी. … हो, ते मोठं ताट बाजूला घेतलं. आणि नूरुद्दीननं फोन उचलला गं एकदाचा. धाकटीनं चकती उलटी केली, लाल झाली. … मुनिबाचे अब्बा घेतायत. दोन तुकडे घेतले. … दादींना अफनान वाढतोय… काटा काढून देतोय. … खाल्लं. … काही कळत नाही चेहऱ्यावरून. … परत मागितलं, आपा. परत भात घेतला. बोटांनी खातायत आता, चमचा ठेवला.

… खातायत. … सांगते ना, घाई करू नकोस… हात पुसले. उठल्या. आपा, उठल्या त्या. इकडेच येतायत. अफनान दार धरून उभा आहे.

ठेवू का फोन? … बरं. बरं, नाही ठेवत. धरून राहा.

आइए दादी… नहीं, बस आ ही रही थी मैं. बैठिए, यहाँ बेंच है. … जी, बहन है मेरी, हाफिजा. रत्नागिरी से. … जी, वही. अफनान की खाला. … दादी, मुझे आपको एक बात… … …

… काय? … हो. हो, येतं ना मराठी, आमच्या घरातलीच भाषा… आपा, मराठी बोलतायत त्या. तीन आठवडे मी यांच्यापुढे हिंदी फाडतेय. … हो दादी. हिनंच सांगितलं, फोनवरून. काय घालायचं, काय नाही घालायचं, सगळं हिनंच. … दादी, मी खोटं बोलले तुमच्याशी. अफनानला मी नाही वाढवलं. तीन वर्षांचा होता तेव्हापासून हिनं वाढवलं. मी फक्त पैसे पाठवले आणि फोन केले. सायकल पण हिनंच… … … हो. … हो दादी. …

… आपा, ऐकलंस? … नाही ऐकू आलं? मला परत म्हणायला लावू नकोस. … बरं, सांगते. म्हणतायत, पोटासाठी लेकरू मागं ठेवावं लागलं ह्याची कसली लाज, आमच्याकडे अर्धं गाव ठेवून जातं. बहिणीचं नाव लपवलंस, त्याची मात्र लाज धर. … धरते म्हटलं.

… अजून काय? … म्हणतायत, लेकरू तिनं वाढवलं, कालवण तिनं सांगितलं, आणि ती तिकडे. मग आपण इथे बोटी बघत बसून काय ठरवतोय? … फोन मागतायत. … तुझ्याशी बोलायचंय म्हणतायत. … अगं ओढणी काय नीट करतेस, व्हिडिओ नाहीये. … घाबरू नकोस. मघाशी प्रल्हादला दटावत होतीस ना?

आपा, देण्याआधी… आपा, तू… काही नाही. उद्या सांगते. नाही, उद्या नको. तू होतीस म्हणून माझा मुलगा असा आहे. बस. देते.

घ्या दादी. … उलटा धरलाय, असा, हां. कानाला लावा.

हॅलो? … हॅलो, हाफिजा का? … वालेकुम सलाम, बाई. मी मुनिबाची दादी बोलते, उदगीरवाली. … व्हय, जेवले की. तू सांगितलेलं कालवण खाल्लं, दोनदा भात घेतला. … तुझं लेकरू हितंच उभं आहे, माझ्यासाठी दार धरून. … ते ऱ्हाऊ दे, तिला मी बोलले, झालं ते. आता ऐक. पोरगी दिली आम्ही. पण तारीख हितं कुणी काढायची नाही. तुझ्या अब्बांची तब्येत बघ, तुला यायला कधी जमतं ते बघ, आणि तू म्हणशील ती धरू. … हॅलो? … ऐकू येतंय का? … अगं, रडू नगं बाई. तारीख सांग.